सुट्टीतली रद्दी

परीक्षा संपत आल्या की वर्तमानपत्रातून रंगीत पत्रकं पडायला लागतात. उन्हाळी शिबिर, वय वर्षे पाच ते बारा, दहा दिवस, रोज दोन तास. खाली बारीक अक्षरात शुल्क, आणि त्याच्याही खाली आणखी बारीक अक्षरात ‘साहित्याचा खर्च वेगळा’. माझी सवय अशी की मी आधी सगळ्यात बारीक अक्षर वाचते. (जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्याचा परिणाम!)

शिबिरांना माझा विरोध नाही. आईबाप दोघंही नोकरीला जातात त्या घरात मे महिन्यात मुलाला कुठं ठेवायचं हा खरोखरचा प्रश्न असतो, आणि चार मुलांत दोन तास जात असतील तर वाईट काय? पण ते ‘साहित्य’ म्हणजे काय असतं ते मी दोन-तीन वेळा नीट बघितलंय. गेल्या वर्षी नात पुण्याहून आली तेव्हा तिच्या पिशवीत असाच एक खोका होता. आत पातळ फळीचे कापून ठेवलेले तुकडे, प्रत्येकावर आकडा, डिंकाची एक इवलीशी नळी आणि सूचनांचा कागद. एकला दोन जोडा, दोनला तीन जोडा. वीस-पंचवीस मिनिटांत घर तयार. सुबक होतं, नाही म्हणत नाही. पण मध्येच एक तुकडा उलटा चिकटला तेव्हा पोरीचा चेहरा असा काही झाला, की जणू कुणाची काचेची बरणी फोडली! तसा दुसरा तुकडा मिळणार नव्हता ना. खोका साडेतीनशेचा, आणि ते तिला ठाऊक होतं.

मुलांना सुट्टीत करायला द्यायचं ते कमी खर्चाचं असावं असं आपण म्हणतो, ते पैसे वाचावेत म्हणून. ते तर आहेच. पण त्याहून मोठं कारण मला शाळेत एका मुलाकडून कळलं.

माझी बरीचशी नोकरी मंगळवेढा तालुक्यात गेली. ज्वारीचा मुलूख. काळी जमीन, पाऊस बेताचा, आणि उन्हाळ्यात डोळे दिपतील असं ऊन. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. आईबाप दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचे, तोवर हा आजीजवळ. गणितात कच्चा, वाचनात कच्चा, वर्गानं त्याच्यावर ‘ढ’ असा शिक्का मारून टाकलेला. चित्रकलेच्या तासाला तो वही उघडायचा आणि पेन्सिल हातात धरून नुसता बसायचा. आधी वाटलं, आळस. एकदा शेजारी बसून विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, “बाई, कागुद नासला तर?”

आजीनं चित्रकलेची वही घेऊन दिली होती ती भाजी विकून आलेल्या पैशांतून, आणि बजावलं होतं की वर्षभर पुरली पाहिजे. त्यानं ती पुरवली. एप्रिल उजाडला तरी वही कोरी होती!

त्या दिवसांत सकाळची शाळा असते. मुलं लवकर सुटतात आणि घरी जायला कुणाला घाई नसते. शाळेच्या मागं एकाच्या कडब्याच्या गंजी होत्या. रब्बीची ज्वारी काढून झालेली, कडबा वाळून खडखडीत झालेला. एके दिवशी बघते तर हा मुलगा गंजीच्या सावलीत मांडी घालून बसलेला, आणि समोर बैलगाडी! ज्वारीच्या ताटांची. कणा, साटा, जू, सगळं जागच्या जागी. आणि चाकं फिरत होती.

ज्यांनी ही गाडी कधी केली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण दिसते तेवढी ती सोपी नाही. ज्वारीच्या ताटाचं एक पेर घ्यायचं. वरची साल नखानं नाहीतर दातानं सोलायची. साल चिवट आणि धारदार असते, जपलं नाही तर बोट कापतं. (कापतंच एकदा. हळद लावायची आणि पुढं चालू.) आत पांढरा, हलका, मऊ गाभा निघतो, त्याला आमच्याकडं भेंड म्हणतात. आता सालीच्या बारीक काड्या करायच्या आणि भेंडाचे तुकडे त्या काड्यांनी एकमेकांना जोडायचे. म्हणजे खिळेही ताटाचेच आणि लाकूडही ताटाचंच. डिंक नको, दोरा नको. चाकासाठी सालीची लांब पट्टी वाकवून गोल करायची, मध्ये भेंडाचा तुकडा बसवायचा आणि आरे म्हणून चहूबाजूंनी काड्या टोचायच्या. काडी जाड झाली तर भेंड फुटतं. बारीक झाली तर लटपटते. ताट पुरतं वाळलेलं नसेल तर भेंड काडी धरून ठेवत नाही. आणि चाक फिरायचं असेल तर चाकाचं भोक कण्याहून अंमळ मोठं हवं. किती मोठं? हे कुठल्याही पुस्तकात सांगता येणार नाही. सात-आठ चाकं फुटली की हाताला कळतं.

त्याच्या भोवती फुटक्या भेंडांचा नुसता सडा पडला होता. मी विचारलं, “इतकी फुटली?” तर तो हसून म्हणाला, “त्याला काय हुतंय बाई, मागं ढीग हाय की!”

वहीच्या कागदाला हात न लावणारा तोच हा मुलगा! फरक एवढाच होता की इथं नासायला परवानगी होती. मागं ढीग होता.

ती गाडी मी वर्गात खिडकीत ठेवली. पोरं येता-जाता बघायची. पुढच्या आठवड्यात चार-पाच जण त्याच्याकडं शिकायला बसलेले दिसले, त्यात वर्गाचा पहिला नंबरही होता, आणि पहिल्या नंबराची भेंडं पटापटा फुटत होती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दिवाळीपर्यंत गाडीला कीड लागून तिचा भुसा झाला. ज्वारीच्या खेळण्याचं आयुष्य तेवढंच असतं. तो मुलगा सातवीनंतर शाळेत आला नाही, आईबापांबरोबर ऊसतोडीला जायला लागला. शाळेनं त्याला काय दिलं हा हिशोब मी अजूनही करत असते. पण ‘ढ’ हा शब्द त्या वर्गात नंतर कुणी त्याच्यासाठी वापरला नाही, एवढं मला आठवतं.

असो. तर मुद्दा असा, की साहित्य स्वस्त असलं की मुलाला ते बिघडवता येतं. आणि बिघडवता आल्याशिवाय हात तयार होत नाही. महागाचा रंगीत कागद दिला की आई मागं उभी राहते, “सरळ काप, वाया घालवू नकोस” म्हणत. रद्दी दिली की आई स्वयंपाकघरात निघून जाते. हा रद्दीचा फार मोठा फायदा आहे!

ही काही माझी शोधून काढलेली गोष्ट नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, आणि मग अनुताई वाघांच्या साथीनं ते काम कोसबाडच्या टेकडीवर वाढवलं. तेव्हा त्यांच्यापुढं हाच प्रश्न होता. माँटेसोरी पद्धतीची साधनं उत्तम, पण खेड्यातल्या, आदिवासी पाड्यावरच्या बालवाडीला ती परवडायची कशी? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं, गोटे, बांबू असं भोवतालचंच सामान घेतलं. मोजायला चिंचोके, लहान-मोठं लावायला शंख. हरवलं तर हरवलं, अंगणातून दुसरं आणायचं.

आणि अलीकडचं नाव घ्यायचं तर अरविंद गुप्ता. आयआयटीतून शिकलेला हा इंजिनिअर १९७८ साली कारखान्यातून रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला. तिथं सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काडेपेटीतल्या काड्या एवढ्यावर त्यांनी केवढं तरी उभं केलं. पुढं पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते बरीच वर्षं होते, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांचा खेळ घरी करून बघण्यासारखा आहे. काड्यांची गुलं खरवडून टाकायची, नळीचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे करायचे आणि त्यात दोन बाजूंनी काड्या खुपसायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण करा, कितीही दाबला तरी आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, लगेच कलंडतो. छपराच्या कैच्या आणि रेल्वेचे लोखंडी पूल त्रिकोणांचे का असतात ते मुलाला न सांगता कळतं. मी हे सातवीला भूमितीत करून दाखवायची. सायकलवाल्याकडून नळी आणायची, एका वर्गाला वार-दीड वार पुरते.

आता उन्हाळ्यातच करावं असं एक काम सांगते, कारण ते कडक उन्हाशिवाय होत नाही. कागदाच्या लगद्याची टोपली. पूर्वी घरोघरी बायका करायच्या. त्यात पापड, सांडगे, शेवया ठेवायच्या. माझ्या आईनं केलेली एक टोपली माझ्या लग्नानंतरही कितीतरी वर्षं वापरात होती.

मोठ्या वर्तमानपत्राचे पाच-सहा अंक घ्या. गुळगुळीत कागदाच्या रंगीत पुरवण्या घेऊ नका, त्या लवकर भिजत नाहीत. पोरांना कागद फाडायला बसवा, अंगठ्याएवढे तुकडे. हे काम लहानातलं लहान मूलही आनंदानं करतं, कारण एरवी फाडलं की धपाटा मिळतो! तुकडे बादलीत तीन दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला, नाहीतर मे महिन्यात त्याला वास सुटतो. चौथ्या दिवशी पिळून काढा आणि कुटा. उखळ नसेल तर खलबत्ता, तोही नसेल तर मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून थोडं थोडं फिरवा. अर्धी वाटी मेथीदाणे आदल्या रात्री भिजवून बारीक वाटायचे. भिजलेली मेथी बुळबुळीत होते, तोच इथं डिंक. ती लगद्यात घालून कणकेसारखं चांगलं मळायचं. मेथीच्या कडवटपणानं कीड लागत नाही असं आई म्हणायची.

मग एक पातेलं उलटं ठेवायचं, त्यावर ओलं फडकं ताणून घालायचं आणि लगदा थापायचा. भाकरीएवढी जाडी ठेवा. पातळ झाला तर वाळताना तडकतो, जाड झाला तर आतून ओला राहून बुरसतो. पहिला अर्धा दिवस सावलीत, मग दोन-तीन दिवस खडखडीत उन्हात. कडा सुटायला लागल्या की पातेल्यावरून हळूच काढायचा, फडकं सोलून घ्यायचं आणि आतली बाजू उन्हाकडं करायची. पुरती वाळली की टोपली बोटानं वाजवून बघा, लाकडासारखा टक्‌ आवाज येतो. वरून कोरे कागद चिकटवा, पोरांना रंगवायचं तर रंगवू द्या.

ह्यात मुलांच्या हाती किती दिवस काम राहतं बघा. आठवडा! आणि रोज थोडं थोडं. भिजलं का, वाळलं का, उलटवू का, असं दिवसातून दहा वेळा गच्चीत जाऊन बघतात. वाट बघणं हा त्या कामाचाच भाग आहे. माझ्या नातीची पहिली टोपली तडकली. तिनं तुकडे परत बादलीत टाकले, भिजवले, पुन्हा थापले. लगद्याचं हे बरं असतं. दुसरी टोपली एका बाजूला कलती झाली आहे, तिच्यात मी लसूण ठेवते.

चिकटवायला विकतचा डिंक आणूच नका. दोन चमचे मैदा किंवा कणीक वाटीभर थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवायची, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक दिसायला लागली की खळ झाली. दोन दिवस टिकते, मग नवी. (बुकबाइंडिंगवाले टिकावी म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी, पोरांच्या खळीत नको.) चिंचोक्याचीही खळ होते. चिंचोके भाजून, टरफल काढून, भरडून शिजवायचे. आमच्या भागात घोंगडी विणणारे लोकरीच्या धाग्याला हीच खळ लावतात, म्हणून नवं घोंगडं असं ताठ असतं. पण घरी हा खटाटोप थोडा जास्तच. चिंचोक्यांचा सोपा उपयोग म्हणजे फरशीवर घासून एक बाजू पांढरी करायची आणि चार चिंचोके कवड्यांऐवजी अष्टाचंग्याला घ्यायचे. खडूनं पाच बाय पाचचा पट आखला की दुपार गेली. घासायला तासभर लागतो, हात काळे होतात, आणि कुणाचा चिंचोका नीट उलटतो ह्यावरून भांडणं होतात. होऊ द्यावीत.

रंगांसाठीसुद्धा दुकानात जायची गरज नाही. हळद पाण्यात कालवून कागदाला फासा आणि वाळवा. मग कापसाच्या बोळ्यानं किंवा काडीनं साबणाच्या पाण्याची रेघ ओढा. पिवळ्यावर लाल रेघ उमटते! लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळी. पोरं अक्षरशः ओरडतात. पानवाल्याकडचा चुना चिमूटभर पाण्यात कालवला तर रंग आणखी गडद येतो, पण तो मोठ्या माणसानं लावावा, डोळ्यात गेला तर वाईट. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो हे प्रत्येक मुलानं पाहिलेलं असतं, पण त्याचं चित्र करता येईल हे डोक्यात आलेलं नसतं. गेरू आणि तांदळाचं पीठ ही आणखी एक जोडी. खाकी कागदावर गेरू फासायचा, पिठाच्या पाण्यात काडी बुडवून चित्र काढायचं. वारली बायकांनी घराच्या भिंतींवर पिढ्यान् पिढ्या हेच केलं, आणि जिव्या सोमा मशे ह्यांनी ती चित्रकला जगभर नेली.

बाकीचं भराभर सांगते. नारळाच्या करवंट्या, सुतळी आणि काठी यांचा तराजू. एका पारड्यात मापासाठी विकतच्या मिठाची न फोडलेली पिशवी घाला. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच ठोकून सपाट केलं आणि दोन भोकं पाडून दोरा ओवला की झाली भिंगरी. कडा मात्र दगडावर घासून बोथट करा. दोन रिकाम्या काडेपेट्या आणि ताणलेला दोरा म्हणजे फोन. (मोबाईल हातात असलेलं मूलही हा फोन सोडत नाही, हे मी स्वतः बघितलंय.) जुन्या साडीच्या चिंध्यांची बाहुली. कोकणात नारळाच्या पातीचं घड्याळ आणि पिपाणी, किनारपट्टीला ताडगोळ्याच्या रिकाम्या फळांची दोन चाकी गाडी. फुटलेल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे मेणबत्तीवर धरून वाकवायचे आणि एकात एक अडकवून दाराला तोरण करायचं, हे आम्ही मुली करत असू. आता सुचवताना भीती वाटते, पण दहा-बारा वर्षांच्या मुलीला शेजारी बसून करू द्यायला हरकत नाही. तापलेली काच आणि गार काच दिसायला सारखीच असते, एवढं तिला आधी सांगा.

आता थोडी तक्रार. ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशी एक स्पर्धा हल्ली सगळीकडं असते. कल्पना चांगली. पण एका ओळखीच्या घरी बघितलं, त्या स्पर्धेसाठी बापानं दुकानातून आइस्क्रीमच्या शंभर कोऱ्या काड्यांचं पाकीट, कागदी पेल्यांची चळत आणि चमकी विकत आणली होती! टाकाऊ वस्तू विकत आणायची ही रीत मला काही समजली नाही. वर ती वस्तू रात्री अकरापर्यंत आईनं केली आणि मुलगा झोपला होता. त्याला बक्षीस मिळालं म्हणे. पूर्वी ह्या सगळ्यात थर्माकोलचा फार सुळसुळाट असायचा. २०१८ साली राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून तो पुष्कळ कमी झाला, एवढं समाधान.

कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली होती. हातानं काम करणं हा शिक्षणाचा भाग असावा, ही त्यामागची कल्पना. त्याच्याही आधी १९३७ साली गांधीजींनी वर्ध्याला नयी तालीम मांडली ती ह्याच पायावर. आमच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास होता. पण खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जायचा. सुट्टीत तसं कुणी वेळापत्रक हिसकावून घेत नाही, म्हणून हे सुट्टीत लिहिते आहे.

मोठ्यांनी एकच पाळावं. मुलाच्या हातातली वस्तू घेऊन “थांब, मी दाखवते” म्हणू नये. दाखवायचंच असेल तर आपला वेगळा कागद घ्यावा, शेजारी बसून आपलं आपण करावं. त्याला हवं असेल तर तो बघतो. आणि झालेली वस्तू वाकडी असली तरी घरात वापरात आणावी. शोकेसमध्ये ठेवू नका, वापरा. त्यात लसूण ठेवा, किल्ल्या ठेवा, सुईदोरा ठेवा.

सुट्टीतलं शेवटचं खेळणं मात्र आपोआप तयार होतं. आंबे खाऊन कोयी परसात, उकिरड्यावर टाकलेल्या असतात. वळवाचे दोन पाऊस झाले की त्यांना लालसर कोंब फुटतात. तशी एक कोय उचलायची, वरचं टणक कवच काढून टाकायचं. आत दोन दळं एकमेकांना चिकटलेली असतात. त्याचं एक टोक दगडावर तिरकं घासायचं, दोन दळांमधली फट उघडी पडेपर्यंत, आणि मग ओठांत धरून फुंकायचं. तोंड तुरट होतं. पहिल्या खेपेला नुसती हवा जाते, मग आणखी थोडं घासायचं. जास्त घासलं तर कोय फुकट, दुसरी घ्यायची. जमलं की जी काही पीं वाजते! पाऊस वेळेवर आला तर ह्या पुंग्या नेमक्या जूनच्या मध्याला, शाळा उघडायच्या आठवड्यात तयार होतात. पहिल्या दोन दिवसांत माझ्या टेबलाच्या खणात दहा-बारा तरी जमा व्हायच्या. मधल्या सुट्टीत मी त्या परत देत असे, कुणाची कुठली ते मुलं बरोबर ओळखायची.